पुणे जिल्ह्याचे लेयर्स शिरूर तालुक्यापुरते क्लिप करायचेत? एकेक करत बसू नका, पण सगळे एकाच हद्दीने कापूही नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) दहा-बारा लेयर्स, म्हणजे नकाशाचे थर, आहेत, काही पुणे जिल्ह्याचे, काही अख्ख्या महाराष्ट्राचे, त्यात रस्ते, नद्या, जलाशय, गावांच्या हद्दी, शाळांचे पॉइंट, डीईएम (जमिनीच्या उंचीचं रास्टर, म्हणजे पिक्सेलचा नकाशा) आणि लँड कव्हरचं (जमिनीवर शेती, बांधकाम काय आहे त्याचं) रास्टर, आणि या सगळ्यातलं फक्त शिरूर तालुक्यापुरतं पाहिजे. एकेक क्लिप करून (हद्दीने कापून) बघितलं तर एक लेयर रिकामा आला, एकावर इनव्हॅलिड जॉमेट्रीचा (बिघडलेल्या आकाराचा) एरर आला आणि बाकी सगळ्यांचं नाव नुसतं ‘क्लिप्ड’, त्यामुळे कुठला कोणता तेच कळेना. तर एका झटक्यात होतं का? होतं, बॅच मोडमध्ये (एकच काम अनेक लेयर्सवर एकदम) अगदी आरामात होतं, पुढे सांगतोच. पण बटण कुठलं दाबायचं हा यातला सोपा भाग आहे. कुठला लेयर कशाने कापायचा आणि कुठला कापायचाच नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि शिरूर तर त्यासाठी एकदम नमुनेदार तालुका आहे कारण त्याच्या दोन्ही अंगांनी नद्याच हद्द म्हणून वाहतात.

आधी कापायची हद्द नीट करून घ्या. तुमच्याकडे राज्यभरातल्या तालुक्यांचा लेयर असेल आणि त्यावर नुसतं ‘शिरूर’ असं फिल्टर मारलंत तर सांभाळून, कारण बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे आणि लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ, आणि कित्येक डेटामध्ये नाव अर्धवटच लिहिलेलं असतं. क्यूजीआयएसचं क्लिप टूल ओव्हरले लेयरमधले (ज्याने कापायचं त्यातले) सगळे पॉलिगॉन, म्हणजे बंद आकार, एकत्र धरतं, त्यामुळे बीडचा तुकडा गपचूप सोबत येतो आणि झूम टू लेयर केल्यावर कळतं की नकाशा मराठवाड्यापर्यंत पसरलाय. म्हणून जिल्हा आणि तालुका दोन्ही कॉलमवर अट लावा, तो एकच पॉलिगॉन सिलेक्ट करा, एक्सपोर्टमध्ये ‘सेव्ह सिलेक्टेड फीचर्स अ‍ॅज’ करून वेगळ्या जिओपॅकेजमध्ये (नकाशाच्या डेटाच्या फाइलमध्ये) ठेवा. ‘सिलेक्टेड फीचर्स ओन्ली’ची टिक वापरूनही चालतं पण मधेच सिलेक्शन उडालं की अख्खं राज्य क्लिप होत बसतं, त्यापेक्षा वेगळी फाइल बरी. आणि तिला एकदा ‘फिक्स जॉमेट्रीज’ मधून काढा, कारण सगळी कापाकापी याच एका पॉलिगॉनने होणार आहे, तोच बिघडलेला असेल तर प्रत्येक लेयरवर रडगाणं.

आता रिकामा लेयर का आला. दहातल्या नऊ वेळा सीआरएस, म्हणजे लेयरची कोऑर्डिनेट पद्धत. पण लोक समजतात तसं ‘दोन लेयर्सचे सीआरएस वेगळे आहेत’ म्हणून नाही होत ते, कारण आताचं क्यूजीआयएस क्लिप करताना ओव्हरलेला इनपुटच्या सीआरएसमध्ये स्वतःच बदलून घेतं. गडबड तेव्हा होते जेव्हा लेयरवरचं लेबलच चुकीचं असतं, म्हणजे आतले आकडे डिग्रीमध्ये आहेत आणि वर लिहिलंय यूटीएम (मीटरमधली पद्धत), किंवा उलट. हे तपासायला लेयर प्रॉपर्टीजमध्ये इन्फर्मेशन टॅबवर एक्स्टेंट, म्हणजे लेयर कुठून कुठपर्यंत पसरलाय ते, बघा. शिरूर शहर साधारण ७४.४ पूर्व, १८.८ उत्तर आहे, तर डिग्रीवाल्या लेयरमध्ये, म्हणजे ईपीएसजी ४३२६ मध्ये (ईपीएसजी हा सीआरएसचा नंबर), असेच दोन अंकी आकडे दिसले पाहिजेत. यूटीएम झोन ४३ एन, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये असेल तर शिरूरच्या आसपास ईस्टिंग ४ लाख ३५ हजारांच्या जवळ आणि नॉर्दिंग २० लाख ८० हजारांच्या जवळ दिसेल. आकडे ७४ आणि १८ आणि वर लिहिलंय ३२६४३, तर लेबल चुकलंय, तिथे ‘सेट लेयर सीआरएस’ करून बरोबर लेबल लावायचं. लेबल बरोबर आहे आणि तुम्हाला मीटरमध्ये हवंय तर ‘रिप्रोजेक्ट लेयर’. या दोघांत लोक हमखास घोळ घालतात, बदलायचं असतं मीटरमध्ये आणि दाबतात सेट लेयर सीआरएस, मग लेयर जातो कुठेतरी विषुववृत्ताजवळ आणि क्लिपचं आउटपुट शून्य फीचर्स. (४३ एन हा ७२ ते ७८ अंशांपर्यंत चालतो, नागपूर-चंद्रपूर-गडचिरोलीकडचं काम असेल तर ४४ एन म्हणजे ३२६४४ घ्या, तिकडच्या लोकांनी हे उत्तर वाचून ४३ लावू नका.)

इनव्हॅलिड जॉमेट्रीचा एरर आला की सेटिंग्जमध्ये जाऊन ‘इग्नोर फीचर्स विथ इनव्हॅलिड जॉमेट्रीज’ करा असा सल्ला सगळीकडे मिळतो, तो माझ्या मते वाईट सल्ला आहे. एरर जातो खरा पण ते फीचरही जातं, आणि गावांच्या लेयरमधून एखादं गाव गायब झालेलं तुम्हाला रिपोर्ट दिल्यावर दुसऱ्या कुणीतरी दाखवलेलं चांगलं नाही वाटत. फिक्स जॉमेट्रीज चालवा, तेही बॅचमध्ये होतं, आणि क्लिप त्या दुरुस्त लेयर्सवर करा. मोठ्या लेयर्सवर ‘क्रिएट स्पेशियल इंडेक्स’ पण चालवून घ्या. रस्त्यांचा लेयर जर जिओफॅब्रिकवरून पूर्ण वेस्टर्न झोनचा ओएसएम (ओपनस्ट्रीटमॅप) डेटा उतरवलेला असेल तर त्यात महाराष्ट्र, गुजरात, गोवा सगळं आहे, तो थेट क्लिपला दिला की लॅपटॉपचा पंखा ऐकत बसावं लागतं. आधी ‘एक्स्ट्रॅक्ट/क्लिप बाय एक्स्टेंट’ने तालुक्याच्या चौकोनापुरता काढा मग खरी क्लिप.

बॅचची पद्धत अशी. प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये ‘क्लिप’ शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘एक्झिक्यूट अ‍ॅज बॅच प्रोसेस’. टेबलासारखी विंडो उघडते. इनपुट लेयरच्या कॉलमवर ऑटोफिल आहे त्यात ‘सिलेक्ट फ्रॉम ओपन लेयर्स’, तिथे व्हेक्टर लेयर्सना (पॉइंट, रेघा, पॉलिगॉनवाल्या) टिक करा, प्रत्येकासाठी एक ओळ तयार होते. ओव्हरलेच्या पहिल्या ओळीत शिरूरची हद्द निवडा आणि ऑटोफिलमधून ‘फिल डाउन’, खालच्या सगळ्या ओळी भरल्या. आता आउटपुट, इथेच नावांचा घोळ मिटतो. पहिल्या ओळीच्या आउटपुटवरच्या तीन टिंबांवर क्लिक करून फोल्डर निवडा, फाइलनेम म्हणून ‘शिरूर_’ असं काहीतरी द्या (फाइलच्या नावात मात्र इंग्रजी अक्षरंच ठेवा, देवनागरीने कधी कधी दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्रास होतो), सेव्ह केलं की ऑटोफिलचा बॉक्स येतो, त्यात ‘फिल विथ पॅरामीटर व्हॅल्यूज’ आणि पॅरामीटर म्हणून इनपुट लेयर. मग प्रत्येक फाइलला ‘शिरूर_’ अधिक लेयरचं नाव असं मिळतं, एकदा डोळ्याखालून घाला आणि रन करा. शिवाय सेटिंग्ज, ऑप्शन्स, प्रोसेसिंग, जनरल मध्ये ‘यूज फाइलनेम अ‍ॅज लेयर नेम’ ही टिक लावून ठेवा, म्हणजे पॅनलमध्ये बारा वेळा ‘क्लिप्ड’ दिसणार नाही. आणि आउटपुट टेंपररी लेयरमध्ये ठेवू नका, क्यूजीआयएस बंद केलं की सगळं हवेत.

‘क्लिप मल्टिपल लेयर्स’ नावाचं प्लगइन पण आहे, वापरायला हरकत नाही, पण बॅच क्यूजीआयएसच्या आतच आहे आणि प्लगइन तुमच्या व्हर्जनवर चालेल का हे बघत बसावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा, कशाने काय कापायचं.

शिरूरच्या उत्तरेला कुकडी आणि घोड, पलीकडे पारनेर आणि श्रीगोंदा. दक्षिणेला भीमा, पलीकडे दौंड. म्हणजे तालुक्याची हद्द बऱ्याच ठिकाणी नदीतूनच जाते. तुमच्या हद्दीचा लेयर एका सोर्सचा, नदीची रेघ दुसऱ्या सोर्सची, दोघांनी नदी वेगवेगळ्या स्केलवर, वेगवेगळ्या वर्षी डिजिटाइझ केलेली. मग नदीची रेघ हद्दीच्या कधी आत, कधी बाहेर, सापासारखी. यावर क्लिप मारलं की घोड नदीचे ठिपके ठिपके होतात, शंभर मीटर नदी, मग गॅप, मग परत नदी. टाकळी हाजी-निघोजकडे जा, तिथे कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आहेत, अलीकडे शिरूर, पलीकडे पारनेर, आणि एवढी प्रसिद्ध जागा असून तुमच्या नकाशात नेमकी तिथेच नदी तुटलेली असण्याची शक्यता भरपूर. बघणाऱ्याला वाटतं नदी आटली. त्यामुळे नद्यांसाठी हद्दीला बफर द्या, म्हणजे ती बाहेरच्या बाजूने वाढवा, ५०० मीटर किंवा १ किलोमीटर, आणि त्या बफरने नद्या कापा. बफर हद्द ३२६४३ मध्ये असतानाच काढायचा, ४३२६ मध्ये ५०० टाकलं तर ते ५०० डिग्री होतात.

जलाशयांचं तर कापूच नका म्हणतो मी. चिंचणीजवळच्या घोड धरणाचं पाणी शिरूर आणि श्रीगोंदा दोन्ही तालुक्यांत पसरलंय, हद्दीने क्लिप केलं की अर्धा तलाव राहतो, मधोमध सरळ कापलेला, पलीकडे पांढरा कागद. असं धरण कुणी पाहिलंय का? इथे ‘एक्स्ट्रॅक्ट बाय लोकेशन’ वापरा, इंटरसेक्टची अट लावा, जे जलाशय तालुक्याला लागतात ते पूर्णच्या पूर्ण येतील. फक्त ‘शिरूर तालुक्यातलं जलक्षेत्र किती’ असं काढायचं असेल तेव्हाच कापा, आणि त्यासाठी वेगळी कॉपी ठेवा.

गावांच्या हद्दी, हा सगळ्यात फसवा प्रकार. गावं एका सोर्सची, तालुका दुसऱ्या सोर्सचा, रेषा तंतोतंत जुळत नाहीत. क्लिप केल्यावर दौंड आणि श्रीगोंद्याच्या गावांच्या कडेच्या बारीक चिंध्या तुमच्या लेयरमध्ये येतात, वीस मीटर रुंद, दोन किलोमीटर लांब, झूम केल्याशिवाय दिसतही नाहीत. पण अ‍ॅट्रिब्यूट टेबलमध्ये त्या चिंधीसमोर त्या अख्ख्या गावाची जनगणनेतली लोकसंख्या तशीच उभी असते, कारण क्लिप फक्त आकार कापतं, आकडे कापत नाही. मग तुम्ही कॉलमची बेरीज मारता आणि शिरूरची लोकसंख्या अचानक फुगते. उलट बाजूने आपल्याच गावांच्या कडा छाटल्या जातात त्या वेगळ्याच. गावांना क्लिप लावायचंच नाही, टेबलमध्ये तालुक्याचा कोड असतो त्यावर फिल्टर करून एक्सपोर्ट करा. कोड नसेल तर ‘पॉइंट ऑन सरफेस’ (प्रत्येक गावाच्या आतला एक पॉइंट) काढा, ते पॉइंट तालुक्यात पडतात का बघा आणि त्यावरून गावं निवडा. ‘विदिन’ची (पूर्ण आत असल्याची) अट लावून एक्स्ट्रॅक्ट करायला गेलात तर कडेची गावं सगळी गळतात कारण त्यांची कड पाच-दहा मीटरने बाहेर असते. खरं तर डोकं लावून एक पाऊल पुढे जायचं असेल तर उलट करा, कोडवर निवडलेली गावं ‘डिझॉल्व्ह’ करा, म्हणजे जोडून एक करा, आणि तीच तालुक्याची हद्द म्हणून सगळीकडे वापरा, मग निदान गावं आणि तालुका तरी एकमेकांशी भांडत नाहीत.

रस्ते हद्दीने कापले तर चालतात, पुणे-अहिल्यानगर हायवे शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूरच्या पुलापाशी तुटला तरी कुणाची तक्रार नसते. पण हायवेच्या टेबलमध्ये लांबीचा कॉलम असेल तर तो जुनाच राहतो, आख्ख्या तुकड्याची लांबी. क्लिपनंतर फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये लांबी परत काढा, वनजमिनीचं किंवा पिकाचं क्षेत्र असेल तर तेही हेक्टरमध्ये परत काढा, आणि जुना कॉलम डिलीट करा, ठेवलात तर कुणीतरी तोच वापरणार हे गृहीत धरा. प्रत्येक तुकड्यासोबत तो कुठल्या गावात पडला हे पण हवं असेल तर क्लिप नको, ‘इंटरसेक्शन’ घ्या, त्यात दोन्ही टेबलांचे कॉलम येतात.

रास्टरला हे क्लिप टूल चालत नाही, त्याचं वेगळं आहे, रास्टर मेनूत एक्स्ट्रॅक्शनमध्ये ‘क्लिप रास्टर बाय मास्क लेयर’. यालाही बॅच आहे. एसआरटीएमचा (नासाच्या रडार सर्वेक्षणाचा) ३० मीटर डीईएम एकेका अंशाच्या टाइलमध्ये येतो, शिरूरचा बहुतेक भाग एन१८ई०७४ मध्ये आहे पण तालुका पश्चिमेला ७४ अंशाच्या रेषेजवळ आहे, आणि बफर धरला तर शेजारची टाइल पण लागते, म्हणून हद्दीचा एक्स्टेंट बघून लागतील तेवढ्या टाइल्स उतरवा आणि ‘बिल्ड व्हर्च्युअल रास्टर’ने जोडून घ्या, मग क्लिप. डायलॉगमध्ये नोडेटाची (इथे डेटा नाही असं सांगणारी) व्हॅल्यू देता येते तिथे डीईएमसाठी -९९९९ टाका. हे नाही टाकलं आणि मूळ रास्टरमध्येही नोडेटा लावलेला नसला तर हद्दीबाहेरचे सगळे पिक्सेल ० होतात. शिरूरची जमीन पाचशे-सहाशे मीटरवर, आणि तुमच्या लेजंडमध्ये खाली ० मीटर! सगळी कलर रॅम्प शून्यापासून ताणली जाते, तालुका एकाच रंगाचा दिसतो, आणि बाहेर काळा चौकोन. लँड कव्हरचं रास्टर ८ बिटचं असतं त्यात -९९९९ बसत नाही, तिथे ० किंवा २५५, जो क्लास वापरात नसेल तो. ‘मॅच द एक्स्टेंट’ आणि ‘कीप रिझोल्यूशन ऑफ इनपुट रास्टर’ या दोन्हीला टिक ठेवा.

रास्टर मीटरमध्ये बदलताना पण एक बघा, डीईएमसाठी बायलिनियर (शेजारच्या पिक्सेलची सरासरी) ठीक आहे पण लँड कव्हरला नेहमी निअरेस्ट नेबर (सगळ्यात जवळच्या पिक्सेलची व्हॅल्यू). वर्ल्डकव्हर या लँड कव्हर डेटामध्ये ४० म्हणजे शेती आणि ५० म्हणजे बांधकाम, बायलिनियर केलं तर मधे ४५ वगैरे क्लास जन्माला येतात जे अस्तित्वातच नाहीत. आणि डीईएम ४३२६ मध्येच ठेवून स्लोप (उतार) काढला तर सगळीकडे नव्वदच्या जवळ डिग्री येतात, कारण आडवं अंतर डिग्रीत आणि उंची मीटरमध्ये.

स्लोप, हिलशेड हे सगळं क्लिपच्या आधी काढा. कडेच्या पिक्सेलला शेजारी लागतात, ते कापून टाकले की कड खराब येते. आणि पाणलोटाचं काम असेल, म्हणजे कुठे किती पाणी जमतं ते दाखवणारं फ्लो अ‍ॅक्युम्युलेशन वगैरे, तर तालुक्याने कापलेला डीईएम हातातही घेऊ नका. घोड येते आंबेगावातून, डिंभे धरणाकडून, कुकडी येते जुन्नरहून, नाणेघाटाच्या बाजूने. शिरूरपुरता डीईएम दिलात तर सॉफ्टवेअरला वाटतं की घोड तालुक्याच्या हद्दीवरच उगम पावते, आणि एवढी मोठी नदी तुम्हाला ओढ्याएवढी दिसते. तालुक्याच्या आतून वाहणारी वेळ नदी घ्या, पाबळ, शिक्रापूर, तळेगाव ढमढेरेची, तिचंही वरचं टोक तालुक्याच्या बाहेर आहे. या कामासाठी कापायचं ते पाणलोटाच्या रेषेने, पाण्याला तहसील ऑफिस माहीत नसतं. सगळं मोजून झाल्यावर शेवटचा नकाशा दाखवताना पाहिजे तर तालुक्याने कापा.

सगळे तुकडे तयार झाले की व्हेक्टर लेयर्स (रास्टर त्यात जात नाहीत) ‘पॅकेज लेयर्स’ टूलने एकाच जिओपॅकेजमध्ये भरा, एक फाइल, पाठवायला सोपी. क्लिपच्या आउटपुटला मूळची स्टाइल येत नाही, तेव्हा आधी जुन्या लेयरवर कॉपी स्टाइल, नव्यावर पेस्ट स्टाइल करून घ्या, आणि पॅकेज करताना ‘सेव्ह लेयर स्टाइल्स’ला टिक लावा. शेपफाइलमध्ये (जुन्या फॉरमॅटमध्ये) काढू नका असं मी आग्रहाने सांगेन, विशेषतः गावांची नावं मराठीत असतील तर. शेपफाइलचा टेक्स्ट कॉलम २५४ बाइट्सचा, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक एक अक्षर, काना, मात्रा, प्रत्येकी ३ बाइट खातं, म्हणजे ८४ चिन्हांत खेळ खलास. कॉलमचं नाव १० अक्षरांत कापलं जातं. आणि सोबतची सीपीजी फाइल (अक्षरांचं एन्कोडिंग सांगणारी) कुणी पाठवायची विसरलं की पलीकडच्याला ‘तळेगाव ढमढेरे’च्या जागी प्रश्नचिन्हं. ऑफिसने शेपफाइलच मागितली तर द्या, पण मूळ जिओपॅकेज स्वतःकडे ठेवा.

आणि एक, तुम्हाला हे सगळं फक्त छापील नकाशासाठी हवं असेल तर क्लिप करायचीच गरज नाही. हद्दीच्या लेयरला ‘इन्व्हर्टेड पॉलिगॉन्स’ स्टाइल देऊन बाहेरचं पांढरं करा, सगळे लेयर्स एकदम झाकले जातात. किंवा क्यूजीआयएस ३.१६ पासून प्रिंट लेआउटमध्ये मॅप आयटमला क्लिपिंग सेटिंग्ज आहेत, अ‍ॅटलस करून ‘क्लिप टू अ‍ॅटलस फीचर’ लावलं की जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याचा नकाशा कापून बाहेर पडतो आणि डेटाला हात लागत नाही. पांढऱ्या मास्कला थोडी ट्रान्सपरन्सी दिली तर घोडच्या पलीकडचं पारनेर-श्रीगोंदा फिकट दिसतं, नकाशा वाचायलाही बरा पडतो.

एका तालुक्यापुरतं बॅच पुरे. सगळ्याच तालुक्यांसाठी डेटा खरंच वेगळा काढायचा असेल तर ग्राफिकल मॉडेलरमध्ये फिक्स, क्लिप, लांबी-क्षेत्र परत काढणं ही साखळी एकदा बांधा आणि ते मॉडेलच बॅचमध्ये चालवा, हद्दीचे वेगवेगळे तुकडे ‘स्प्लिट व्हेक्टर लेयर’ टूल तालुक्याच्या कॉलमवरून करून देतं. आर्कजीआयएस प्रोवाल्यांना हेच मॉडेलबिल्डरच्या इटरेटरने करता येतं, रास्टरसाठी तिकडे ‘एक्स्ट्रॅक्ट बाय मास्क’. रिकामा आलेला लेयर कुठला होता आणि त्याचा एक्स्टेंट काय दिसतोय तेवढं लिहा, म्हणजे सीआरएसचं लेबल चुकलंय की दुसरं काही ते सांगता येईल.